अन्नकचरा तापवताना उत्प्रेरक: कुठे, कोणता आणि कसा

अन्नकचऱ्यावर उष्णतेची प्रक्रिया करायला निघालेला नवखा माणूस बहुधा पहिलाच प्रश्न विचारतो: उत्प्रेरक कोणता घेऊ? उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया जलद करणारा पदार्थ. माझ्या मते त्याचा प्रश्न बराच नंतर यायला हवा. कचऱ्याबरोबर जेवढा नायट्रोजन, क्लोरीन आणि गंधक आत गेला, तेवढा कुठून ना कुठून बाहेर येणारच. तो कोणत्या रूपात आणि कोणत्या वाटेने येईल, एवढंच उत्प्रेरकाच्या हातात असतं. म्हणून आधी कचरा ओळखायचा, नेमकी कोणती घाण कमी करायची ते ठरवायचं, आणि मग उत्प्रेरकाकडे वळायचं. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगतो. प्रयोगशाळेत किंवा छोट्या प्रकल्पात पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी हा लेख आहे. घरी करून बघण्याचा हा विषय नाही. यातून निघणारे वायू जिवावर बेतू शकतात. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

मुळात तापवायचं का?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं खाण्याजोगं अन्न पोटात जावं आणि निवडलेल्या ओल्या कचऱ्याचा बायोगॅस किंवा खत व्हावं, हेच रास्त. भट्टीची पाळी त्यानंतर येते. हाडं, कवचं, कोयी, तळणाचा तेलकट गाळ, इतर कचऱ्यात मिसळून गेलेलं अन्न, बायोगॅसच्या टाकीतून उरलेला चोथा, असा माल तिच्यासाठी. तुमच्याकडे स्वच्छ, निवडलेला ओला कचरा असेल, तर हा लेख इथेच सोडून बायोगॅसकडे वळलात तरी मला आनंदच आहे.

पहिली पायरी: कचऱ्याची कुंडली मांडा

पाण्यापासून सुरुवात करा. अन्नकचऱ्यात साधारण ७० ते ८० टक्के पाणी असतं. एक किलो कचरा घेतला आणि त्यात ७५० ग्रॅम पाणी धरलं, तर ते २५ अंशांपासून तापवून वाफ करायला सुमारे १.९ मेगाज्यूल लागतात. उरलेल्या २५० ग्रॅम कोरड्या मालात एकंदर ४.५ ते ५ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा नुसती पाणी उडवण्यात जाते, आणि यात भट्टीचा तोटा धरलेलाच नाही. निथळणं, दाबून पाणी काढणं, टाकाऊ उष्णतेवर वाळवणं ही कामं कंटाळवाणी वाटतात, पण प्रक्रिया परवडणार की नाही हे तिथेच ठरतं.

मग वाळवलेला, दळलेला, नीट मिसळलेला नमुना मूलद्रव्यांच्या तपासणीला द्या: कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, गंधक. क्लोरीन आणि राख वेगळी मागून घ्या, कारण नेहमीच्या तपासणीत क्लोरीन येत नाही. नायट्रोजनच्या टक्केवारीला ६.२५ ने गुणलं की प्रथिनांचा ढोबळ अंदाज येतो. स्निग्धांशही मोजा. लाकडापेक्षा अन्नकचरा वेगळा पडतो तो इथेच. लाकडात नायट्रोजन नावापुरता असतो, अन्नात कोरड्या वजनाच्या दोन-चार टक्के सहज भरतो. शिवाय मीठ असतं. लाकडावर उत्तम चाललेला उत्प्रेरक अन्नकचऱ्यावर मान टाकतो, त्यामागे बहुतेक वेळा नायट्रोजन, क्लोरीन किंवा राखेतले क्षार असतात.

नमुना एका दिवसाचा घेऊ नका. आज फळांच्या साली आणि उद्या मांसाचे तुकडे, अशा कचऱ्यावर एका दिवसाच्या आकड्यांनी काढलेले निष्कर्ष टिकत नाहीत. अनेक दिवसांचे नमुने वाळवून एकत्र करा आणि त्यातून चौथाई पद्धतीने, म्हणजे ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत, लहान नमुना काढा.

दुसरी पायरी: प्रक्रिया निवडा

ऑक्सिजनशिवाय ४०० ते ६०० अंशांवर तापवलं की पायरोलिसिस. त्यातून कोळसा, तेलकट द्रव आणि वायू असे तीन भाग निघतात. थोडा ऑक्सिजन किंवा वाफ देऊन ७०० ते ९०० अंशांवर नेलं की गॅसिफिकेशन. त्यात हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू हा मुख्य माल. पूर्ण हवा देऊन जाळणं म्हणजे दहन. तिथे उत्प्रेरक लागतो तो मुख्यतः धुरासाठी. चौथी वाट पाण्यातली: कचरा न वाळवता बंद भांड्यात दाबाखाली १८० ते २५० अंशांवर ठेवला की कोळशासारखा घन पदार्थ मिळतो, त्याहून वर, साधारण ३७० अंशांपर्यंत, तेल मिळतं. फार ओल्या कचऱ्याला ही वाट सोयीची, पण मागे उरणारं पाणी सेंद्रिय पदार्थ आणि अमोनियाने भरलेलं असतं, त्याची सोय आधी लागते. यापुढे मी पायरोलिसिस आणि गॅसिफिकेशनवर थांबतो, कारण उत्प्रेरकाचा खरा फरक तिथे दिसतो.

तिसरी पायरी: कोणती घाण, ते ठरवा

"स्वच्छ" हा शब्द वहीत लिहू नका. त्याऐवजी पदार्थाचं नाव लिहा.

टार म्हणजे थंड होताना नळ्यांत डांबरासारखे जमणारे जड सेंद्रिय पदार्थ. हे फोडून लहान वायू करता येतात, आणि उत्प्रेरकाचं सर्वांत चोख काम हेच. नायट्रोजन अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइडच्या रूपात वायूत येतो. तो वायू पुढे जाळला की नायट्रोजनची ऑक्साइडं होतात. उत्प्रेरकावर अमोनिया फुटून निरुपद्रवी नायट्रोजन वायू झाला तर खरी सफाई झाली म्हणायची. द्रवातले आम्ल पदार्थ तेलाला गंजकारक करतात. तेही बदलता येतात.

क्लोरीन आणि गंधकाचं मात्र तसं नाही. हायड्रोजन क्लोराइड किंवा हायड्रोजन सल्फाइडला "फोडून" काही साधत नाही, त्यांना पकडावं लागतं. पकडणारा पदार्थ शोषक, आणि तो खर्ची पडतो. उत्प्रेरक आणि शोषक यांची गल्लत हा नवख्यांच्या अहवालांतला नेहमीचा घोळ आहे. चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, एकाच वेळी दोन्ही कामं करते, त्यामुळे गल्लत आणखी वाढते. तिने टार कमी केलं तर तिथे ती उत्प्रेरक. तिने क्लोरीन धरून कॅल्शियम क्लोराइड केलं तर तेवढी चुनकळी संपली.

मिठाचा बंदोबस्त जमेल तेवढा भट्टीआधीच करा. मीठ पाण्यात विरघळतं, त्यामुळे कचरा धुऊन निथळला तरी क्लोरीन बराच खाली येतो. धुण्याचं पाणी सांडपाण्याच्या हिशेबात धरा म्हणजे झालं.

चौथी पायरी: उत्प्रेरक कचऱ्यात की कचऱ्यानंतर?

उत्प्रेरक कचऱ्यात मिसळला तर रचना सोपी होते, एकच भट्टी पुरते. पण तो कोळसा आणि राखेत मिसळून जातो, परत वेगळा काढणं अवघड, आणि राखेतलं पोटॅशियम-सोडियम त्याच्या अंगाला थेट लागतं. म्हणून असा वापर स्वस्त आणि टाकून देता येणाऱ्या पदार्थांपुरता ठेवावा.

दुसरी रीत म्हणजे एका भागात कचरा तापवायचा आणि त्याची वाफ पुढच्या भागात उत्प्रेरकाच्या थरातून न्यायची. दोन्ही भागांची तापमानं स्वतंत्र राहतात. कचरा ५०० अंशांवर आणि उत्प्रेरक ८०० वर, असं करता येतं. शिकणाऱ्याने याच रीतीने सुरुवात करावी असं मला ठामपणे वाटतं, कारण काय कशामुळे घडलं हे इथेच उलगडून पाहता येतं.

पाचवी पायरी: उत्प्रेरक निवडा

डोलोमाइट हा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कार्बोनेट दगड. तो ८०० ते ९०० अंशांवर भाजल्यावर कामाला लागतो आणि गॅसिफिकेशनच्या तापमानाला टार चांगलं फोडतो. स्वस्त आहे, विषारी नाही. दोष एकच, पण मोठा: भाजल्यावर ठिसूळ होतो, आणि उसळत्या थराच्या भट्टीत, जिथे दाणे वायूच्या झोतावर उसळत राहतात, त्याचं पीठ होऊन वायूबरोबर उडतं. तशा भट्टीत ऑलिव्हिन हा कठीण दगड वापरतात. त्याचा जोर डोलोमाइटपेक्षा कमी, पण तो सहजी घासला जात नाही.

निकेल, बहुधा ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियम ऑक्साइडवर) बसवलेलं, वाफेच्या साथीने टारचं हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड करतं आणि पुरेशा तापमानाला अमोनियाही फोडतं. ७०० ते ९०० अंशांवर त्याच्या तोडीचं दुसरं काही सहज मिळत नाही. मात्र गंधक त्याला मारतो, कोक, म्हणजे कार्बनचा थर, त्याच्यावर साचतो, आणि फार तापलं की त्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात व पृष्ठभाग घटतो. निकेलच्या आधी डोलोमाइटचा किंवा चुनकळीचा थर ठेवला की जड टार आणि थोडाफार गंधक तिथेच अडतो आणि निकेलचं आयुष्य वाढतं.

झिओलाइटांपैकी, म्हणजे ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या स्फटिकांपैकी, झेडएसएम-५ सर्वांत जास्त वापरला जातो. त्याची छिद्रं सुमारे ०.५५ नॅनोमीटरची, त्यांतून मावतील तेवढ्या रेणूंपासून तो ५०० ते ६०० अंशांवर बेन्झीन, टोल्युइन यांसारखे पदार्थ बनवतो आणि तेलातला ऑक्सिजन पाणी, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड या रूपांत बाहेर काढतो. तेल सुधारायचं असेल तर हा चांगला. पण त्याचं काम चालतं आम्लधर्मी जागांवर, आणि प्रथिनांतून निघणारा अमोनिया व पिरिडीन आम्लारिधर्मी असल्याने नेमक्या त्याच जागा अडवतात. शिवाय अमोनिया आणि मेदाम्लं एकत्र आली की अमाइड आणि नायट्राइल ही नायट्रोजनयुक्त संयुगं तयार होऊन तेलात जातात. त्यामुळे मांसाचा, कडधान्यांचा किंवा दुग्धजन्य पदार्थांचा भाग मोठा असलेल्या कचऱ्यावर झेडएसएम-५ कडून फार आशा ठेवू नका. साली आणि पिठूळ पदार्थ जास्त असतील तेव्हाच तो घ्या.

तांब्याबद्दल एक इशारा. क्लोरीन, ऑक्सिजन आणि कार्बन एकत्र असलेल्या, २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यातल्या धुरात तांब्याची क्लोराइडं डायॉक्सिन ही अत्यंत विषारी संयुगं तयार होण्याला हातभार लावतात. अन्नकचऱ्यात मीठ आहे. धूर त्या पट्ट्यातून जाणार असेल तर तांब्याचा उत्प्रेरक त्या वाटेवर ठेवू नका, आणि धूर त्या पट्ट्यातून शक्य तितक्या लवकर थंड करून खाली आणा.

सहावी पायरी: पहिला उत्प्रेरक स्वतः करा

सुरुवातीला विकतचं काही घेण्याआधी अंड्याच्या टरफलांपासून चुनकळी करा. टरफलाचा बहुतेक सगळा भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. टरफलं धुऊन उकळा, आतला पापुद्रा काढा, १०५ अंशांवर वाळवा, भरडा आणि चाळा. मुशीत पातळ पसरून ९०० अंशांवर दोन-तीन तास भाजा. मूस आधी आणि नंतर तोला. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचं १०० ग्रॅमला ४४ ग्रॅम वजन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात जातं आणि ५६ ग्रॅम चुनकळी उरते. घट ४० ग्रॅमपर्यंतही पोचली नाही, तर आतला भाग कच्चा राहिला समजा आणि पुन्हा भाजा. पापुद्र्याचे अवशेष जळाल्यामुळे घट ४४ च्या थोडी वर गेली तर ते ठीक.

गार होताच ती हवाबंद डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या भांड्यात, ठेवा. उघडी राहिली तर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून ती निकामी होते. वापरायच्या आधी पुन्हा तोला. वजन वाढलं असेल तर ताजी भाजून घ्या. डोळ्यांवर गॉगल आणि हातमोजे असल्याशिवाय तिला हात लावू नका. चुनकळी पाण्याशी लागताच तापते, आणि डोळ्यातलं पाणी तिला पुरतं.

पायरोलिसिसच्या ५००-६०० अंशांवर ही चुनकळी आम्लं कमी करते, क्लोरीन धरते आणि कार्बन डायऑक्साइडही शोषते. ८५०-९०० अंशांवर मात्र वातावरणीय दाबाला ती कार्बन डायऑक्साइड परत सोडू लागते. त्यामुळे तापमान बदललं की वायूतला कार्बन डायऑक्साइड का बदलला, याचं कारण आधी चुनकळीत शोधा.

सातवी पायरी: चाचणी घ्या, पण आधी वाळूवर

मी या पायरीवर सगळ्यांत जास्त अडून बसतो. ८०० अंशांच्या नळीत काहीही नसलं तरी नुसत्या उष्णतेने पुष्कळ टार फुटतं. ते श्रेय उत्प्रेरकाला जाऊ नये म्हणून पहिली चाचणी त्याच जागी, तेवढ्याच आकारमानाची, त्याच जाडीची धुतलेली क्वार्ट्झची वाळू भरून घ्या. तापमान तेच, वायूचा वेग तोच. दुसरी चाचणी उत्प्रेरकाची. दोन्ही किमान तीनदा करा. वाळूशिवाय मांडलेले आकडे मी तरी विचारात घेत नाही.

चाचणीसाठी पाच-दहा ग्रॅम कोरडा, सारख्या जाडीचा कचरा पुरतो. उत्प्रेरक त्याच्या एक दशांशापासून सुरू करून हळूहळू समान वजनापर्यंत वाढवून बघा. उत्प्रेरकाचा थर क्वार्ट्झच्या लोकरीत धरा. पीठ भरू नका, थर तुंबतो आणि दाब मागे चढतो. चाळलेले दाणे वापरा. थर्मोकपलचं टोक थराच्या आत असू द्या. भट्टीच्या भिंतीचं तापमान आणि थराचं तापमान यांत पन्नास अंशांचाही फरक पडू शकतो.

आधी गळती तपासा. मग नायट्रोजन सोडून नळीतली हवा पूर्ण घालवा. उत्प्रेरकाचा भाग ठरलेल्या तापमानाला स्थिर झाल्यावरच कचऱ्याचा भाग तापवायला घ्या. उलट केलं तर सुरुवातीची वाफ थंड उत्प्रेरकावर जमते आणि चाचणी वाया जाते. उत्प्रेरकापासून कंडेन्सरपर्यंतची नळी ३०० अंशांच्या वर गरम ठेवा, नाहीतर टार वाटेतच बसतं आणि तुमच्या मोजणीत येतच नाही. कंडेन्सर बर्फात ठेवा. त्यानंतर टार पकडायला आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या थंड बाटल्या, अमोनियासाठी सौम्य आम्लाची बाटली, हायड्रोजन क्लोराइडसाठी सौम्य सोडिअम हायड्रॉक्साइडची. या बाटल्या एकाच चाचणीत एकामागे एक लावण्यापेक्षा अमोनिया आणि क्लोरीनसाठी वेगळी चाचणी घेतलेली बरी, कारण दोन्ही पाण्यात सहज विरघळतात आणि कंडेन्सरच्या द्रवातच अडकतात. तो द्रवही तपासायला हवा.

चाचणी संपली की कोळसा, उत्प्रेरक, कंडेन्सर, नळ्या, सगळं तोला आणि वायूचं वजन मिळवा. बेरीज मूळ वजनाच्या ९५ टक्क्यांच्या जवळ यायला हवी. ९० च्या खाली असेल तर निष्कर्ष काढू नका, गळती शोधा.

आठवी पायरी: आकडे कचऱ्याच्या वजनावर मांडा

समजा वाळूवर १० ग्रॅम कोरड्या कचऱ्यातून ३ लिटर वायू निघाला आणि त्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम अमोनिया सापडला. निकेलवर ६ लिटर वायू निघाला आणि लिटरमागे १० मिलिग्रॅम. आलेखावर अमोनिया निम्मा झालेला दिसेल. हिशेब केला तर दोन्हीकडे ६० मिलिग्रॅमच. निकेलने टार फोडून वायू वाढवला, त्यात अमोनिया पातळ झाला, इतकंच. म्हणून प्रत्येक प्रदूषक कोरड्या कचऱ्याच्या ग्रॅममागे किती मिलिग्रॅम, असा मांडा.

अमोनिया खरोखर फुटून नायट्रोजन वायू झाला हे दाखवायचं असेल, तर वाहक वायू म्हणून नायट्रोजन चालणार नाही. आपण सोडलेला आणि तयार झालेला वेगळे ओळखता येत नाहीत. तेवढ्या चाचण्या आरगॉनवर घ्या. आणि नायट्रोजनचा ताळेबंद पूर्ण करा: कोळशात किती, तेलात किती, पाण्यात किती, वायूत किती. "वायू स्वच्छ झाला" म्हणताना तेवढाच नायट्रोजन तेलात गेला असेल, तर ते तेल जाळणाऱ्याच्या चिमणीतून तो बाहेर पडणार आहे.

नववी पायरी: उत्प्रेरक किती टिकतो, आणि नंतर त्याचं काय

ताज्या उत्प्रेरकाचा पहिला निकाल नेहमीच गोड असतो. तोच उत्प्रेरक न बदलता पुन्हा पुन्हा वापरा आणि टार कधी वाढू लागतं ते बघा. कोक साचला असेल तर तो जाळून काढता येतो. पण सुरुवात नायट्रोजनमध्ये दोन-तीन टक्के ऑक्सिजन एवढ्यावरच करा, कारण कोक जळताना थराचं तापमान एकदम उसळतं. झेडएसएम-५ साठी ५५० अंशांच्या आसपास थांबा; वाफ आणि फार उष्णता मिळून त्याच्या चौकटीतलं ॲल्युमिनियम निघून जातं आणि तो कायमचा दुबळा होतो. जाळल्यानंतरही जोर परत आला नाही, तर गंधक किंवा क्षारांनी घात केला असं समजून राखेची तपासणी करा.

निकेल वापरणाऱ्यांनी थंड करण्याची रीत पाठ करावी. कार्बन मोनॉक्साइड आणि निकेल सुमारे २०० अंशांच्या खाली एकत्र आले तर निकेल कार्बोनिल हा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. म्हणून थर गरम असतानाच कचऱ्याची वाफ बंद करा, शुद्ध नायट्रोजनने नळी पूर्ण धुवा, मगच थंड होऊ द्या. ताजं निकेल हवेत काढलं तर पेट घेऊ शकतं. बाहेर काढण्याआधी नायट्रोजनमध्ये एखादा टक्का ऑक्सिजन सोडून त्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसू द्या. निकेलची धूळ कर्करोगकारक आहे, दाणे फ्युम हूडमध्ये आणि योग्य मास्क लावूनच हाताळा. चाचणीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा सूचक चालू असल्याशिवाय भट्टी पेटवू नका. या वायूला ना रंग, ना वास.

वापरून झालेल्या चुनकळीत कॅल्शियम सल्फाइड असू शकतं. ओलावा किंवा आम्ल लागलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणून ती सिंकमध्ये टाकायची नाही. कोरड्या, झाकणाच्या डब्यात, नाव आणि तारीख लिहून ठेवायची. वापरलेलं निकेल धोकादायक कचऱ्यात जातं किंवा धातू परत काढणाऱ्यांकडे. त्या डब्याचं वजनही ताळेबंदात लिहा: किती किलो कचऱ्यामागे किती ग्रॅम उत्प्रेरक निकामी झाला.